कपॅसिटर धरला आणि फॉल्ट करंट घटला, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतल्या एका टेक्स्टाइल युनिटचा फॉल्ट स्टडी, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर कुठे किती करंट वाहेल याचा हिशेब, चालू आहे. ३३ केव्ही बाजूला फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटला ग्रिड देऊ शकतं ती ताकद) ७५० एमव्हीए, त्याखाली १० एमव्हीएचा ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स १० टक्के. ११ केव्ही बसवर (सगळे फीडर जिथे जोडले जातात ती पट्टी) ३ एमव्हीएआरची कपॅसिटर बँक आणि खाली ४३३ व्होल्टवर ५०० केव्हीएआरचं एसव्हीजी (इन्व्हर्टरने रिअॅक्टिव्ह पॉवर देणारं उपकरण; ग्रिडवरच्या त्याच्या मोठ्या भावाला स्टॅटकॉम म्हणतात). कपॅसिटर न धरता ११ केव्ही बसवर ४.६३ केए येतात, धरला की ४.४७. सहकाऱ्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरात मात्र दोन्ही वेळा ४.६३. "कपॅसिटर फॉल्टला करंट देतो असं शिकलो होतो, इथे तर तो कमी करतोय. खरं काय? आणि एसव्हीजी, रिअ‍ॅक्टर, स्टॅटकॉम यांचं काय करायचं?"

आधी जिवाला स्वस्थता मिळू दे: ४.६३ बरोबर आहे. ४.४७ हासुद्धा सॉफ्टवेअरचा घोटाळा नाही. दोन वेगळ्या पद्धतींची खिचडी झाली की तो आकडा येतो, आणि ती खिचडी मी स्वतः तरुणपणी खाल्लेली आहे.

हिशेब हाताने करून बघा. ७५० आणि १०० एमव्हीए सिरीजमध्ये, म्हणजे बसवर ८८.२ एमव्हीए. ११ केव्हीवर त्याचा रिअ‍ॅक्टन्स १.३७२ ओहम. ३ एमव्हीएआर बँकेचा रिअ‍ॅक्टन्स ४०.३ ओहम, पण उलट चिन्हाचा. हे दोन पॅरलल जोडले की उत्तर १.३७२ पेक्षा कमी नाही, जास्त येतं: १.४२ ओहम. इथेच माणूस फसतो. पॅरलल म्हटलं की इम्पीडन्स कमी होणार हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं, की चिन्ह उलटं आहे हे विसरायला होतं. आता फेज व्होल्टेज ६,३५१ ला १.४२ ने भागा, ४.४७ केए येतात. पण कपॅसिटर जोडलेला असताना फॉल्टच्या आधीचं बस व्होल्टेजही साडेतीन टक्क्यांनी चढलेलं असतं. ते चढलेलं व्होल्टेज घेऊन भागाकार केला की पुन्हा बरोबर ४.६३. बसवरच बोल्टेड (म्हणजे मधे काही अडथळा नसलेला) फॉल्ट झाला तर कपॅसिटरची दोन्ही टोकं एकत्र आली, ५० हर्ट्झच्या हिशेबात तो संपला. ग्रिडकडून येणाऱ्या करंटला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही.

म्हणजे नियम असा: लोड फ्लो (नेहमीच्या चालू स्थितीचं गणित) करून फॉल्टपूर्व व्होल्टेज काढत असाल, तर कपॅसिटर, रिअ‍ॅक्टर, लोड सगळं धरा. आयईसी ६०९०९ या फॉल्ट करंटच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या पद्धतीने एकच समतुल्य व्होल्टेज लावत असाल, तर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सिक्वेन्समध्ये शंट, म्हणजे बसवर समांतर जोडलेले, घटक धरू नका. (असंतुलित करंट तीन घटकांत मोडून मोजतात, त्यांतले हे दोन. तिसरा झिरो सिक्वेन्स, जो तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी एकाच दिशेने वाहतो आणि जमिनीच्या वाटेने परततो.) ते स्टँडर्ड हेच सांगतं, आणि व्होल्टेजच्या चढ-उतारासाठी आधीच सी हा गुणक देऊन ठेवतं: १ केव्हीच्या वर कमाल करंटसाठी १.१, किमानसाठी १.०. इम्पीडन्स पहिल्या पद्धतीचा आणि व्होल्टेज दुसऱ्या पद्धतीचं घेतलं की ४.४७ जन्माला येतो. (मी वर गुणक १ धरला आहे आणि ट्रान्सफॉर्मरचा सुधारणा गुणक सोडला आहे, नुसतं गणित दिसावं म्हणून. तुमच्या रिपोर्टात दोन्ही हवेत.) शंट रिअ‍ॅक्टर असता तर चूक उलट्या बाजूला झाली असती, करंट फुकटचा वाढून दिसला असता. चूक किती टक्के, ते झटपट काढायचं असेल तर बँकेचे एमव्हीएआर भागिले फॉल्ट एमव्हीए. ३ भागिले ८८, सुमारे साडेतीन टक्के.

पण तुम्ही शिकलात तेही खोटं नाही. कपॅसिटर करंट देतो. प्रश्न आहे किती वेळ देतो.

मी कोणत्याही उपकरणाचं मॉडेल ठरवताना आधी दोनच गोष्टी विचारतो. फॉल्ट झाला त्या क्षणी याच्या पोटात स्वतःची ऊर्जा किती, आणि ती किती मिलिसेकंद पुरणार? आणि दुसरं, ऊर्जा असो नसो, झिरो सिक्वेन्सला याच्यातून जमिनीकडे वाट आहे का? पहिल्या प्रश्नावरून ब्रेकर, बसबार आणि सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) यांच्यावर येणारा ताण कळतो. दुसऱ्यावरून अर्थ फॉल्ट रिले (जमिनीला लागलेला फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारा) कसा वागेल ते. बहुतेक रिपोर्टांत पहिल्या प्रश्नावर दहा पानं असतात आणि दुसऱ्यावर एक ओळही नसते.

तुमच्या बँकेच्या पोटातली ऊर्जा बघू. दर फेजला सुमारे ७९ मायक्रोफॅरड. रेटेड करंट १५७ अँपिअर, शिखरमूल्य २२३. बसजवळ फॉल्ट झाला की हा साठा बँक ते फॉल्ट एवढ्याच वाटेतल्या इंडक्टन्समधून रिकामा होतो. बँकेला सिरीज रिअ‍ॅक्टर असेल तर सूत्र सोपं आहे: रेटेड शिखर करंट भागिले रिअ‍ॅक्टरच्या प्रमाणाचं वर्गमूळ. ६ टक्क्यांचा डीट्यून्ड (हार्मोनिक्सचा त्रास टाळणारा) रिअ‍ॅक्टर असेल तर ४ पट, म्हणजे सुमारे ९०० अँपिअर, २०४ हर्ट्झला. याची कोणी काळजी करू नये. ०.२ टक्क्याचा नुसता इनरश (बँक चालू करतानाचा झटका रोखणारा) रिअ‍ॅक्टर असेल तर २२ पट, जवळपास ५ केए, १,१२० हर्ट्झला. आणि रिअ‍ॅक्टर नसेलच, वाटेत नुसता बसबार आणि केबलचा मिळून २० मायक्रोहेन्री असेल, तर शिखर १७.८ केए, ४ किलोहर्ट्झला! तुमच्या ५० हर्ट्झच्या फॉल्टचं असिमेट्रिकल (डीसी घटकासह) शिखर अडीचपट धरलं तरी ११.६ केए. म्हणजे पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत कपॅसिटर ग्रिडपेक्षा जास्त करंट ओततो.

मग आयईसी ६०९०९ शिखर करंट काढताना शंट कपॅसिटरचा डिस्चार्ज सोडून द्यायला परवानगी कशी देतं? कारण ही दोन शिखरं एकमेकांच्या डोक्यावर बसत नाहीत. कपॅसिटर सर्वांत जोरात कधी रिकामा होतो? फॉल्ट व्होल्टेजच्या शिखरावर झाला तर. ५० हर्ट्झच्या करंटमध्ये डीसी घटक सर्वांत मोठा कधी येतो? फॉल्ट व्होल्टेज शून्यातून जाताना झाला तर. त्या वेळी कपॅसिटर रिकामाच असतो. शिवाय डीसीवालं शिखर १० मिलिसेकंदांनी येतं, तोवर कपॅसिटरची आंदोलनं बरीचशी विरलेली असतात. त्यामुळे बसबारच्या यांत्रिक ताकदीसाठी आणि ब्रेकरच्या मेकिंग करंटसाठी तो सोडला तरी चालतं. २५ केएच्या ब्रेकरची मेकिंग क्षमता ६२.५ केए असते, तिला १७.८ ने ढिम्म फरक पडत नाही.

फरक पडतो तो सीटीच्या सेकंडरीला. या शहरातल्याच एका जुन्या मिलमध्ये पॅनेलच्या तोंडाशी केबल बॉक्समध्ये फॉल्ट झाला. ब्रेकर उघडला, रिलेने काम चोख केलं, पण सीटीची टर्मिनल पट्टी काळीठिक्कर पडलेली. सगळे म्हणाले, सीटी सॅच्युरेट झाला असेल. अहो, सॅच्युरेट झालेला सीटी व्होल्टेज द्यायचं कमी करतो, वाढवत नाही! २००/१ चा सीटी धरा. १७.८ केएचे सेकंडरीला ८९ अँपिअर होतात. सेकंडरीच्या वाटेत जुन्या रिलेचा आणि वायरिंगचा मिळून अर्धा मिलिहेन्री असला, तर ४ किलोहर्ट्झला तो साडेबारा ओहमसारखा वागतो, आणि टर्मिनलवर हजार व्होल्टच्या पुढे जातं. फ्रिक्वेन्सी जास्त असल्यामुळे कोअरमधला फ्लक्स मात्र लहान, म्हणून सीटी सॅच्युरेट होत नाही, इमानदारीने सगळं पुढे पाठवतो. त्या मिलमध्ये बँक बसवताना "एकच बँक आहे, दुसरी नाही, मग इनरश रिअ‍ॅक्टर कशाला" म्हणून रिअ‍ॅक्टर वाचवला होता. एकाच बँकेला इनरशसाठी रिअ‍ॅक्टर लागत नाही हे खरं. पण जवळच्या फॉल्टवर बँक बाहेर जे फेकते, ज्याला आउटरश म्हणतात, त्याचा कुणी विचार केला नव्हता. ब्रेकरसाठी करंट आणि फ्रिक्वेन्सीचा गुणाकार दोन कोटींच्या आत ठेवण्याचा एक अमेरिकी संकेत आहे. इथे १७,८०० गुणिले ४,००० म्हणजे सात कोटींच्या वर. ०.२ टक्क्याचा रिअ‍ॅक्टर लावला की तोच गुणाकार छप्पन लाखांवर येतो.

हा सगळा अभ्यास फॉल्ट सॉफ्टवेअरमध्ये करायचा नसतो. तिथे ५० हर्ट्झच्या बाहेर काही दिसतच नाही. वरच्या सूत्राने कागदावर करा, आकडा अडचणीचा वाटला तरच क्षणाक्षणाचं व्होल्टेज-करंट काढणाऱ्या ईएमटीपी पद्धतीच्या प्रोग्रॅमकडे जा.

आता दुसरा प्रश्न, झिरो सिक्वेन्स. इथे मला जास्त बोलायचं आहे.

आपल्याकडे मध्यम दाबाच्या बँका बहुतेक स्टार किंवा डबल स्टार जोडणीत असतात आणि स्टार पॉइंट जमिनीपासून तोडलेला असतो. डबल स्टारमध्ये दोन न्यूट्रलच्या मधे एक सीटी, एखादं युनिट गेलं की तो ओरडतो. अशा बँकेला झिरो सिक्वेन्समध्ये वाट नाही, मॉडेलमध्ये उघडं सर्किट. डेल्टा असेल तरी तेच. पण स्टार पॉइंट अर्थ केलेला असेल, तर प्रत्येक फेजचा कपॅसिटर झिरो सिक्वेन्समध्ये बसपासून जमिनीपर्यंत सरळ उभा राहतो, आणि तो सोडायचा नसतो. स्टँडर्डची सवलत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सिक्वेन्सपुरतीच आहे. न्यूट्रल अर्थ नसलेल्या किंवा अर्थ फॉल्ट फॅक्टर (अर्थ फॉल्टमध्ये चांगल्या फेजचं व्होल्टेज किती पट चढतं ते) १.४ च्या वर जाणाऱ्या सिस्टिममध्ये झिरो सिक्वेन्सची कपॅसिटन्स धरावीच लागते, मग ती बँकेची असो की केबलची. ११ केव्हीच्या जाड एक्सएलपीई केबलचा चार्जिंग करंट अर्थ फॉल्टमध्ये किलोमीटरला दोन-अडीच अँपिअर असतो. मोठ्या कारखान्यात दहा-बारा किलोमीटर केबल सहज निघते.

आपल्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची गोष्ट सांगतो. ११ केव्हीचं जनरेटर बस, जनरेटरचा न्यूट्रल १०० अँपिअरच्या रेझिस्टरमधून अर्थ केलेला, बसवर २ एमव्हीएआरची बँक. ऐन गळीत हंगामात एका मोटरच्या केबल बॉक्समध्ये अर्थ फॉल्ट झाला आणि पहिली ट्रिप झाली ती कपॅसिटर बँक. त्या पाठोपाठ मोटरचा फीडर. साहजिकच सगळे बँकेच्या मागे लागले. दोन दिवस एकेक युनिट काढून मेगर केलं (इन्सुलेशन तपासलं), कपॅसिटन्स मोजली. बँक ठणठणीत.

मला बोलावलं तेव्हा मी आधी ड्रॉइंग बघितलं. स्टार पॉइंट इन्सुलेटेड दाखवलेला. मग प्रत्यक्ष बघितलं तर न्यूट्रलपासून एक जीआयची पट्टी खाली अर्थ ग्रिडला गेलेली. मागच्या वर्षीच्या देखभालीत कुणीतरी "सेफ्टीसाठी" जोडून दिलेली. आता हिशेब करा. २ एमव्हीएआरचा रेटेड करंट १०५ अँपिअर. रेझिस्टरने अर्थ केलेल्या सिस्टिममध्ये एक फेज जमिनीला टेकली की बाकीच्या दोन फेज पूर्ण लाइन व्होल्टेजला चढतात आणि त्यांच्यातला कोन ६० अंशांचा होतो. प्रत्येकीच्या कपॅसिटरमधून १.७३ पट करंट, आणि दोघींची बेरीज रेटेडच्या बरोबर तिप्पट, ३१५ अँपिअर, बँकेच्या न्यूट्रलमधून. बँकेचा अर्थ फॉल्ट रिले २० अँपिअरला लावलेला, तो थांबेल कशाला? तो सुटला की मग रेझिस्टरच्या १०० अँपिअरवर मोटरचा फीडर ट्रिप झाला. रिले शहाणेच होते.

याहून वाईट गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. फॉल्टच्या जागी रेझिस्टरचे १०० आणि कपॅसिटरचे ३१५ काटकोनात मिळून ३३० अँपिअर वाहत होते. रेझिस्टर कशासाठी घेतला होता? जनरेटरच्या स्टेटरमध्ये अर्थ फॉल्ट झाला तर कोअर जळू नये म्हणून १०० वर रोखायला. त्या एका पट्टीने तो हेतू तिपटीने उधळला होता. फॉल्ट स्टडीच्या फायलीत तर बँक अर्थ न केलेलीच होती, त्यामुळे रिपोर्ट सुंदर होता.

बरं, सॉलिडली अर्थ केलेल्या सिस्टिममध्ये हाच आकडा तिप्पट न येता साधारण रेटेड करंटएवढा येतो. तरीही २० टक्क्यांवर लावलेला रिले ट्रिप व्हायला पुरेसा आहे.

एसव्हीजी आणि स्टॅटकॉम ही वेगळी जात. आत इन्व्हर्टर आहे, तो करंट सोर्ससारखा वागतो. फॉल्टमध्ये तो आपल्या रेटेड करंटच्या आसपासच देऊ शकतो, फार तर थोडा जास्त, तोही कंट्रोलने ठरवलेला. तुमच्या ५०० केव्हीएआरचा रेटेड करंट ६६७ अँपिअर. त्याच्या मागे २ एमव्हीएचा, सव्वासहा टक्क्यांचा ट्रान्सफॉर्मर असेल तर, मागचं नेटवर्क अनंत धरून, तो एकटा ४२.७ केए देतो. म्हणजे एसव्हीजीचा वाटा दीड टक्क्याच्या जेमतेम वर. रिअ‍ॅक्टिव्ह करंट देणारं एसव्हीजी ज्या कोनात करंट ढकलतं त्याच कोनात ट्रान्सफॉर्मरचा फॉल्ट करंटही असतो, म्हणून कमाल केसमध्ये सरळ बेरीज करा. किमान केसमध्ये शून्य धरा, कारण बरीच एसव्हीजी व्होल्टेज खोल गेलं की गेट बंद करून मोकळी होतात. उत्पादकाकडून कमी व्होल्टेजला ते नक्की काय करतं, हे लेखी घ्या.

त्याला इम्पीडन्समागचा व्होल्टेज सोर्स म्हणून मात्र दाखवू नका. मी असे रिपोर्ट पाहिले आहेत ज्यांत इन्व्हर्टरचा फिल्टर रिअ‍ॅक्टर जनरेटरच्या सबट्रान्झियंट (फॉल्टच्या पहिल्या क्षणीच्या) रिअ‍ॅक्टन्ससारखा टाकून त्याच्याकडून दहापट करंट घेतलेला असतो. त्या आयजीबीटींना, म्हणजे इन्व्हर्टरमधल्या बिचाऱ्या स्विचना, विचारा!

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं तर लांब जायला नको. सोलापूरच्या ७६५/४०० केव्ही उपकेंद्रात पॉवरग्रिडचा अधिक-उणे ३०० एमव्हीएआरचा स्टॅटकॉम आहे. ४०० केव्हीवर ३०० एमव्हीएआर म्हणजे ४३३ अँपिअर (तुमच्या एलटीच्या, म्हणजे लघुदाबाच्या, व्होल्टचा आकडा आणि हा आकडा एकच, निव्वळ योगायोग). एवढ्या दाबाच्या उपकेंद्रातले ब्रेकर ४०, ५० किंवा ६३ केएचे असतात. थ्री फेज फॉल्टमध्ये त्यात ४३३ अँपिअर कुठे शोधायचे? पण अशा कोणत्याही स्टॅटकॉमला ग्रिडशी जोडणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, ज्याची वरची बाजू अर्थ केलेली स्टार आणि खालची डेल्टा आहे. ही जोडणी झिरो सिक्वेन्सला खुलं आमंत्रण आहे, इन्व्हर्टर चालू असो की गेट बंद असो. उदाहरणादाखल ट्रान्सफॉर्मर ३०० एमव्हीए, १२.५ टक्क्यांचा, आणि जवळच्या अर्थ फॉल्टमध्ये बसवरचं झिरो सिक्वेन्स व्होल्टेज ०.३ पर युनिट (रेटेडच्या ३० टक्के) धरून चाला. दर फेजला १,०४० अँपिअर झिरो सिक्वेन्स करंट, न्यूट्रलमधून ३.१ केए. ज्या उपकरणाचा इन्व्हर्टर ४३३ देतो, त्याचा निर्जीव ट्रान्सफॉर्मर सातपट देतो. एसव्हीसीचंही (थायरिस्टरवर चालणारं भरपाईचं उपकरण) तसंच. त्याची थायरिस्टर शाखा पॉझिटिव्ह सिक्वेन्समध्ये सोडून द्या, पण ट्रान्सफॉर्मर झिरो सिक्वेन्समध्ये ठेवा. "स्टॅटकॉमचा वाटा नगण्य" असं लिहून ट्रान्सफॉर्मरसकट अख्खी बे (उपकेंद्रातला त्याचा पूर्ण विभाग) काढून टाकणारा इंजिनिअर त्या परिसरातल्या सगळ्या लाइनचे अर्थ फॉल्ट रिले चुकवून ठेवतो.

इन्व्हर्टरच्या बाबतीत आणखी एक. बरेच कंट्रोल असंतुलित फॉल्टमध्येही फक्त पॉझिटिव्ह सिक्वेन्स करंट देतात, काही थोडा निगेटिव्ह सिक्वेन्स देतात आणि त्याचा कोन आपल्या ओळखीच्या जनरेटरसारखा नसतो. निगेटिव्ह सिक्वेन्सवर दिशा ठरवणारा रिले अशा ठिकाणी गोंधळतो. तुमच्या युनिटमध्ये एसव्हीजीच्या तुलनेत ग्रिडचा वाटा ९८ टक्के आहे, तुम्हाला चिंता नाही. पण आपल्या जिल्ह्यात सोलर प्रकल्प वाढत आहेत, तिथल्या ३३ केव्ही लाइनवर हा विषय पुढे येईलच.

रिअ‍ॅक्टरबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर आलं, तेव्हा आमच्या पिढीला शंट रिअ‍ॅक्टर हा विषय घरच्या अंगणात आल्यासारखा झाला. ७६५ केव्हीवर २४० एमव्हीएआरचा रिअ‍ॅक्टर म्हणजे फेजला सुमारे २,४४० ओहम. फॉल्ट करंटच्या मोजमापात हा न दिसणाराच. पण हे रिअ‍ॅक्टर तीन सिंगल फेज युनिटचे असतात, त्यांचा झिरो सिक्वेन्स रिअ‍ॅक्टन्स पॉझिटिव्हएवढाच असतो. तीन फेज एकाच थ्री लिंब कोअरवर असतील तर तो वेगळा येतो, तिथे टेस्ट रिपोर्टच बघावा. लाइन रिअ‍ॅक्टरच्या न्यूट्रलमध्ये छोटा रिअ‍ॅक्टर असेल तर झिरो सिक्वेन्समध्ये तो तिप्पट होऊन बसतो. सिंगल फेज रिक्लोजिंगमध्ये (एकच फेज उघडून पुन्हा जोडताना) सेकंडरी आर्क, म्हणजे उघडलेल्या फेजवर तग धरून राहिलेला आर्क, विझवायला तो लागतो, आणि त्या अभ्यासात या न्यूट्रल रिअ‍ॅक्टरशिवाय पानही हलत नाही.

सिंक्रोनस कंडेन्सर (रिअॅक्टिव्ह पॉवरसाठी मोकळं फिरणारं सिंक्रोनस मशीन) दिसला तर तो जनरेटरच समजा. स्टँडर्डही तसंच समजतं. त्याच्या रोटरमध्ये ऊर्जा आहे आणि ती ब्रेकर उघडेपर्यंत सहज टिकते. सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स २० टक्के आणि ट्रान्सफॉर्मर १० टक्के असलेला ५० एमव्हीएचा कंडेन्सर फॉल्ट लेव्हल १६७ एमव्हीएने वाढवतो. तेवढ्याच रेटिंगचा स्टॅटकॉम ५० ने. एमव्हीएआर तेच, आकडा तिप्पट. म्हणूनच आता कमजोर ग्रिडमध्ये लोक पुन्हा कंडेन्सरकडे वळू लागले आहेत.

तुम्ही विचारलं नाही, पण भरपाईच्या उपकरणांमध्ये फॉल्ट स्टडीला खरं छळणारं उपकरण आहे सिरीज कपॅसिटर, जसे रायपूर-राउरकेला लाइनवर थायरिस्टरवाले आहेत. हा करंटच्या वाटेतच बसलेला असल्यामुळे सोडताही येत नाही आणि धरताही येत नाही. पॅरललमधला एमओव्ही (व्होल्टेज ठरावीक पातळीवर रोखणारा व्हॅरिस्टर) चालू झाला की त्याचा इम्पीडन्स करंटनुसार बदलतो. गोल्ड्सवर्दी यांनी १९८७ साली यासाठी एक सूत्र दिलं, ते आजही वापरात आहे. करंट संरक्षण पातळीच्या ०.९८ पटीपर्यंत कपॅसिटर जसाच्या तसा. पातळीच्या दुप्पट करंटला त्याचा उरतो साधारण ४७ टक्के रिअ‍ॅक्टन्स आणि सोबत ३४ टक्के रेझिस्टन्स. करंट इम्पीडन्सवर आणि इम्पीडन्स करंटवर अवलंबून, म्हणून उत्तर स्थिरावेपर्यंत गणित पुन्हापुन्हा करायचं. आयईसी म्हणतं, फॉल्टवर चालणारं व्होल्टेज मर्यादित करणारं साधन पॅरललमध्ये असेल तर कपॅसिटर सोडा. जवळच्या फॉल्टला ते ठीक. लांबच्या फॉल्टला एमओव्ही जागाच होत नाही, कपॅसिटर पूर्ण शिल्लक राहतो आणि करंट वाढवतो. डिस्टन्स रिलेच्या (इम्पीडन्सवरून फॉल्टचं अंतर ओळखणाऱ्या) सेटिंगसाठी दोन्ही टोकं तपासावीच लागतात.

परत तुमच्या युनिटकडे. गंमत बघा, तुम्ही कपॅसिटरच्या ०.१६ केएवर अडला आहात, आणि मोटरींचा उल्लेखच नाही. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर (रिअॅक्टिव्ह पॉवरसकट मोजलेल्या युनिटवर) आल्यापासून प्रत्येकाच्या डोक्यात पॉवर फॅक्टर बसला आहे, ते समजू शकतो. पण एलटी बसवर ८०० किलोवॅटच्या इंडक्शन मोटरी थेट चालत असतील, तर त्यांचा रेटेड करंट चौदाशे अँपिअर आणि फॉल्टला त्याच्या पाचपट, ७ केए! एसव्हीजीच्या दहापट. मोटरींचा एकूण रेटेड करंट मूळ फॉल्ट करंटच्या १ टक्क्याच्या आत असेल तरच त्यांना सोडता येतं. लूमच्या मोटरी ड्राइव्हवर असतील तर बहुतेक वेळा त्या काही परत देत नाहीत. ब्रेकिंगची ऊर्जा लाइनमध्ये परत पाठवणारे ड्राइव्ह असतील तरच थ्री फेज फॉल्टमध्ये धरा. मोटरींची यादी मागवा, कपॅसिटरची नंतर बघू.

आणि ३३ केव्हीचे ७५० एमव्हीए कोणत्या महिन्यातले? त्याच उपकेंद्रावर साखर कारखान्याचे सेट येत असतील तर हंगामात आणि हंगामाबाहेर आकडा वेगळा असणार. ब्रेकर तपासायला हंगामातला, सगळ्या मोटरींसह, एसव्हीजी पूर्ण करंटवर. रिलेच्या किमान करंटसाठी हंगामाबाहेरचा, मोटरी शून्य, एसव्हीजी शून्य, गुणक १. दोन्ही केसमध्ये बँक पॉझिटिव्ह सिक्वेन्समधून बाहेर.

पुढच्या खेपेला साइटवर जाल तेव्हा बँकेच्या रिअ‍ॅक्टरची नेमप्लेट टिपून आणा, टक्के किती आहेत ते, आणि स्टार पॉइंटचा फोटो काढा, पट्टी खाली कुठे जाते ते दिसेल असा. दोन्ही मला पाठवा, झिरो सिक्वेन्सचं डायग्राम आपण त्यानंतर काढू.